बिडवईबाईंची हिमनदी

मंडळी, आज एक साधा प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, शेजारी तुमच्याच घरचं माणूस बसलंय! प्रश्न असा: ‘थांब जरा’ हे दोन शब्द आपण दिवसभरात कुणाला म्हणतो?

आठवा! दूधवाल्याला म्हणतो? छे, तो पुढच्या दारी जाईल. साहेबाला? अरे बापरे! आणि फोनवाल्याला? अहो, आत्ता मी देवापुढं उभा राहून निरूपण सांगत होतो, तेवढ्यात त्या खांबाजवळच्या काकांचा फोन वाजला. काकांनी मला हातानंच सांगितलं, थांबा बुवा! आणि फोन घेतला! काका, रागावू नका. कुणाचा होता हो? काय? कर्ज हवंय का विचारत होते! ऐका मंडळी! कर्ज देणाऱ्यासाठी देव थांबला!

मग थांब म्हणतो कुणाला? जो सोडून जाणार नाही याची खात्री असते, त्याला. बायकोला. आईला. नवऱ्यालाही म्हणतात हं, बायांनी हसायचं कारण नाही! आणि देवाला म्हणतो. देव थांबतो बरं का. त्याला घाई नाही, त्याला काळ नाही. पण माणसाला काळ आहे! मग घरच्या माणसाला आपण थांब म्हणतो ते कुणाच्या भरवशावर?

याचं उत्तर मी पोथीत पुष्कळ शोधलं. सापडलं ते उदगीरच्या एका घरात. दिगंबरपंत, पेटी जरा खाली घ्या. गोष्ट खालच्या पट्टीतली आहे.

उदगीरला प्रभाकरराव बिडवई नावाचे गृहस्थ. पोस्टमास्तर होते, निवृत्त झाले. पण नुसती नोकरी सुटली हो, टपाल सुटलं नाही! कुणाची औषधं लातुराहून आणायची, कुणाच्या लेकीला लोणचं पोचवायचं, सगळं ह्यांच्याकडे. का? तर ह्यांच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. गावात विचारा, माणूस कसा? “देवमाणूस!” आणि ते खोटं नव्हतं.

त्यांची मंडळी कुमुदताई. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आता बघा, उदगीर! उन्हाळ्यात फरशीवर पाय ठेवला तर भाजतो. आणि ही बाई फळ्यावर काय काढायची? हिमनदी! खडूनं पांढरा डोंगर, त्यातून उतरणारी बर्फाची नदी. “मुलींनो, ही नदी वाहताना दिसत नाही. उभं राहून बघाल तर वाटेल, दगडासारखी जागच्या जागी आहे. पण ती सरकत असते. रोज. डोंगर कापत सरकते.”

एकदा एका पोरीनं विचारलं, “बाई, तुम्ही बघितलीय?”

“नाही गं.”

“मग सरकते कशावरून?”

वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. पण घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, पोरगी खरं बोलली. एकदा बघायला पाहिजे हो. जवळ उभं राहून.”

प्रभाकरराव म्हणाले, “जाऊ की! जरा थांब.”

आधी दिराचं घर बांधायचं होतं. मग पुतण्यांची शिक्षणं. मग सासूबाईंचं आजारपण. बाई थांबल्या. निवृत्त झाल्या, तरी थांबल्याच.

आणि मग पाय सुजायला लागले. चेहरा सकाळी सुजलेला. लातूरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, “मूत्रपिंडं थकलीत. आज ना उद्या डायलिसिसवर जावं लागेल. एकदा मशीन सुरू झालं की मग लांब जाता येणार नाही.”

बाईंनी काय विचारावं? औषध विचारलं नाही. पथ्य विचारलं नाही. म्हणाल्या, “डॉक्टर, मशीनच्या आधी मला युरोपला जाऊन येता येईल का?”

डॉक्टर चष्म्यावरून बघायला लागले! पण शहाणा माणूस. कागद पुन्हा चाळले आणि म्हणाले, “आठ दिवस. त्याहून जास्त नको. दगदग नको. आणि बाई, लवकर जा.”

लवकर जा! मंडळी, याहून साधं मराठी असतं का?

प्रभाकरराव रस्त्यातच रडले. बसमध्ये बाईंचा हात धरून म्हणाले, “आता कुणी मध्ये येणार नाही बघ. आयुष्यात एकदाच जायचं, पण तुझ्या मनासारखं.” आणि ते मनापासून म्हणाले हं! मी त्यांना लबाड ठरवायला उभा नाही. लबाड असते तर गोष्ट सोपी झाली असती.

बाईंचं मागणं तरी केवढं? “मला पॅरिस नको, तो मनोरा नको. स्वित्झर्लंडातलं डोंगराखालचं एक लहान गाव घ्या. आठही दिवस तिथंच राहू. सकाळी उठायचं, खिडकीत खुर्ची, हातात चहा आणि समोर ती. भटकायला पाय कुठं राहिलेत मला?”

झालं! पासपोर्ट काढले. गाव ठरलं. आणि प्रभाकरराव बाजारात गेले आणि तिथं... आनंद पोटात राहतो का माणसाच्या? सगळ्या गावाला सांगून आले!

दुसऱ्याच दिवशी थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, फोन.

“काय रे पभाकर, युरोपाला जायलास म्हणं!”

“हो आक्का. हिला दाखवून आणतो.”

“मंग आमच्या मंजूकडं जाणार असशीलच. हॉलंडला. पोरीला दिवस गेलेत रे. एकटी हाय तिकडं. मामा-मामी दारात आले तर आभाळ ठेंगणं होईल तिला.”

“पण आक्का, आम्ही डोंगरात...”

“किती लांब असंल? युरोपातच हाय ना?”

युरोपातच आहे ना! काय बिनतोड युक्तिवाद! प्रभाकररावांनी नकाशा उघडला. हॉलंड इथं, स्वित्झर्लंड इथं. मध्ये बोटभर अंतर! म्हणाले, “कुमुद, बोटभर तर आहे.”

भूगोलाच्या बाई त्या. म्हणाल्या, “अहो, नकाशाला प्रमाण असतं.”

एवढंच म्हणाल्या. आणि आत जाऊन भाकरी टाकायला लागल्या.

मग काय! हॉलंडला जाताय तर वाटेत जर्मनी, तिथं पुतण्या. काका इतक्या लांब येऊन भेटले नाहीत तर दीर काय म्हणतील? मग वकिलांचा मुलगा म्युनिकला. “सामान नाही हो जास्त, एवढं पुरणयंत्र न्या.” पुरणयंत्र! विमानातून पुरणयंत्र! मग डिंकाचे लाडू, मेतकूट, कुकरची रिंग, खंडोबाचा भंडारा. कुमुदताईंच्या बॅगेत कुमुदताईंचा स्वेटर मावेना! पोस्टमास्तरांनी नोकरीभर लोकांची पार्सलं दुसऱ्यांकडून पोचवली, आता स्वतःच टपालगाडी झाले!

आणि दिवस? आठच हो! डॉक्टरांनी दिलेले आठ. दोन मंजूला, दोन पुतण्याला, येणं-जाणं, रेल्वे, वकिलांचा मुलगा. सहलीच्या कचेरीतला मुलगा बोटांवर दिवस मोजत होता. शेवटी म्हणाला, “काका, बाकी बसतंय. फक्त ते डोंगराचं गाव बसत नाही. हवं तर वाटेत गाडी वळवून दुपारी तासभर थांबवू. ढग नसले तर लांबून दिसेल.”

प्रभाकररावांनी घरी येऊन सांगितलं.

बाई धुतलेली भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, “माझं गाव?”

“अगं थांब ना जरा! बसवतो मी कुठंतरी.”

मंडळी, त्या बाईनं ताट पुसलं, फळीवर ठेवलं. आदळलं असतं ना, तर बरं झालं असतं! आदळलेल्या ताटाचा आवाज पोस्टमास्तरांना ऐकू गेला असता!

अजून संपलं नाही. पुन्हा आक्का!

“पभाकर, तुमी पुढच्या महिन्यात चाललाव. तवा तर मंजूचं बाळंतपण व्हायचं ऱ्हाईल. थोडं पुढं ढकल की. बारसं सापडंल. मामीच्या हातानं बाळ पाळण्यात पडलं म्हंजी झालं.”

इथं मी तुम्हाला विचारतो. मोठी बहीण आहे. आईच्या बरोबरीनं तिनं वाढवलंय. लेक परदेशात एकटी आहे. तुमच्यापैकी कोण ‘नाही’ म्हणाला असता? खरं सांगा! एकही हात वर नाही. बघा, सगळे प्रभाकरराव बसलेत इथं. आणि उभा आहे तोही प्रभाकररावच!

ते घरात आले. “कुमुद, महिना-दीड महिना पुढं नेऊ या का?”

“डॉक्टर लवकर म्हणाले होते.”

“महिन्यानं काय होतंय गं! तुझी तब्येत तर बरी दिसतेय. आणि बाळाचं बारसं एकदाच असतं.”

बाईंनी नवऱ्याकडं बघितलं. ‘माझंही एकदाच आहे’ असं म्हणायला तोंड उघडलं असेल का त्यांनी? असेल. पण म्हणाल्या, “बरं.”

अरे, ते ‘बरं’! दिगंबरपंत, द्या सूर! ओळ माझीच आहे, ओबडधोबड आहे, सांभाळून घ्या—

जवळी जो उभा । तया म्हणे थांब ।
दूरच्यासी लांब । धाव घेई ॥

राहू द्या, आज टाळ्या नकोत. पुढं ऐका.

हिमनदी सरकताना दिसत नाही, बाईच शिकवायच्या! वरून ‘तब्येत बरी दिसते’ आणि आत रोज काहीतरी कापलं जातंय. पुण्याला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आले, तेव्हा जिना चढताना बाई दोनदा बसल्या. दिरांना कळवलं, तर ते म्हणाले, “वय झालं की होतं.” हॉलंडला मुलगी झाली. आक्कांनी पेढे वाटले. बाईंनी बाळासाठी स्वतः दुपटं शिवलं. मनात कुणाबद्दल अढी नाही हो! आणि एका सकाळी, ते लाडवांचे डबे बॅगेत रचता रचता, बाईंना श्वास घेता येईना. ओठ निळे. “अहो—” एवढाच शब्द.

रिक्षा, मग गाडी, मग लातूर. पाणी छातीपर्यंत चढलेलं. मशीन लावलं ते त्याच दिवशी.

व्हिसाचे पासपोर्ट घरी आले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सही करून घेतले.

प्रभाकरराव डॉक्टरांपुढं हात जोडून उभे. “अहो, तिकडंही मशीन असतील ना? मोठे देश आहेत. मी सगळी व्यवस्था करतो.”

“मशीन आहेत हो काका. पण आता बाईंचं हृदयही दमलंय. विमान नाही. लांबचा प्रवास नाही.”

“थोड्या दिवसांनी?”

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. तरुण माणूस होता, खिडकीबाहेर बघायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला. आक्का! “पभाकर, मी काय म्हणते, कुमुदला बरं नाही हे खरं, पण तुजं तिकीट तर हाय. तू तरी जाऊन बारसं—”

आणि मंडळी, ज्या तोंडात ‘नाही’ नव्हतं त्या तोंडातून आलं, “नाही आक्का. जमणार नाही. आता कुणासाठीच जमणार नाही.” आणि फोन ठेवला!

वा! असं तुम्ही मनात म्हणालात. त्यांनाही तसंच वाटलं. धावत खाटेपाशी गेले. बाईंच्या हाताला नळ्या, त्यातून रक्त मशीनकडं जातंय, परत येतंय. लहान पोरानं बक्षीस दाखवावं तसं म्हणाले, “कुमुद, मी आक्काला नाही म्हणालो!”

बाईंनी डोळे उघडले. “आता कशाला?”

“म्हणजे?”

“आता काय फरक पडतो? तिकीट आहे, जाऊन या. पोर वाट बघत असेल.”

“तुला सोडून कसा जाऊ मी?”

बाई जराशा हसल्या. “अहो, त्या सहलीत मी होते कुठं?”

पोस्टमास्तर खाली बसले. “मी तुझ्यासाठीच आखत होतो गं...”

“ठाऊक आहे मला. म्हणून तर भांडले नाही.”

तुम्हाला वाटत असेल, बुवा आता काहीतरी गोड करतील. बाई बऱ्या झाल्या, देव धावून आला... नाही मंडळी. तसं झालं नाही, आणि देवळात उभा राहून मी खोटं सांगणार नाही.

कुमुदताई आहेत. आठवड्यातून तीनदा मशीनवर जातात. प्रभाकरराव सावलीसारखे बरोबर. आता त्यांना कुणी काम सांगत नाही, सांगितलं तर करत नाहीत. रोज विचारतात, “कुमुद, काय हवं? काय आणू? काय दाखवू?” टीव्हीवर बर्फाचे डोंगर लावून देतात. बाई बघतात आणि सावकाश मान वळवतात. “काही नको हो. सगळं आहे.” रुसून म्हणत नाहीत. त्यांच्या मनात खरंच काही उरलेलं नाही! आणि तो माणूस देवघरात येऊन रडतो, “देवा, एकदा तरी तिनं काहीतरी मागावं!”

मी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. निघताना दारात मला विचारलं त्यांनी, “बुवा, ह्याला प्रायश्चित्त काय?” तुमच्यासमोर एवढा बडबडतो, पण तिथं मी चपलाच चाचपत राहिलो. नमस्कार करून पायऱ्या उतरलो.

घरचं माणूस आधी हक्कानं मागतं. मग आठवण करून देतं. मग नुसतं सुचवतं. आणि मग एक दिवस मागणंच सोडतं. घर कसं शांत होतं! आणि आपण चारचौघांत कौतुकानं सांगतो, “आमची ही फार समजूतदार आहे हो. कशाचा म्हणून हट्ट नाही!”

तुमच्या घरी कोण आहे समजूतदार? आठवा. आई? बायको? एखादी लेक? वडील, जे हल्ली विचारल्यावर ‘चालेल’ एवढंच म्हणतात?

आज आरतीला कुणी थांबू नका. खरंच सांगतो, उठा! मी आणि दिगंबरपंत म्हणू आरती, देव काही रागावणार नाही. तुम्ही घरी जा, त्या माणसापुढं बसा आणि विचारा, तुला काय हवंय? त्यानं एखादी वस्तू सांगितली, एखादं गाव सांगितलं, तुमच्यावर चिडून दोन शब्द सुनावले, तर हात जोडा, तुमच्यावर कृपा आहे. उद्याच्या उद्या निघा!

आणि ते माणूस हसून म्हणालं, “काही नको”... तर तिथून उठू नका. कितीही वेळ लागो, बसून राहा.