भिंतीच्या आतलं बाळ

(चर्चमागची खोली. वेदीची कापडं इस्त्री करणारी बाई आणि गावची म्हातारी सुईण. पलीकडच्या खोलीत फादर लिहीत बसलेत.)

बाई : सतरा बाळांसाठी अंगठा उमटवलात, मावशी. माझ्याच लेकरापाशी हात का अडला?

सुईण : हात दुखतोय.

बाई : अंगठ्याला कसली आलीय मेहनत? बाप्तिस्म्याची वही वाळवीनं खाल्ली. फादर नवी लिहितायत. मरणाच्या दारातल्या ज्या बाळांना बाळंतघरातच घाईघाईनं बाप्तिस्म्याचं पाणी घातलंत, त्यांना साक्षीदार तुम्ही एकट्याच उरलात.

सुईण : शुभवर्तमानाच्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात गं.

बाई : मग ठेवा. सतरा वेळा ठेवलात की!

सुईण : इस्त्रीकडे बघ, कापड करपेल.

बाई : करपू दे. आज वही बिशपांकडे जाणार. चाळीस वर्षं माझं बाळ दफनभूमीच्या भिंतीच्या आत निजलंय. वहीत नोंद नसली तर उद्या कोणीही उपटसुंभ विचारेल, हे आत कसं? सुताराच्या जुळ्यांना तेव्हाच्या थोरल्या फादरांनी भिंतीबाहेर नाल्याकाठी पुरायला लावलं ना, पाणी घातलं नव्हतं म्हणून? एका पुरात काय राहिलं तिथं?

सुईण : म्हणून तर मी...

बाई : म्हणून तर काय?

सुईण : बस जरा खाली.

बाई : मी उभीच बरी आहे.

सुईण : तुझं बाळ गेलेलंच जन्माला आलं. मेलेल्याला बाप्तिस्मा होत नाही, हे मला पक्कं ठाऊक. तरी थोरल्या फादरांच्या तोंडावर म्हणाले, जिवंत होतं, मी पाणी घातलं, फक्त नाव ठेवायला सवड मिळाली नाही. धडधडीत खोटं! आता एक पाय थडग्यात असताना पुन्हा त्याच पुस्तकावर हात ठेवायचा? जीव धजत नाही. घाल, शिव्या घाल मला.

बाई : मला माहीत होतं.

सुईण : काय?

बाई : मी काय बहिरी होते? रडणं ऐकूच आलं नाही. पाण्याच्या घागरीला तर तुमचा हातसुद्धा लागला नाही.

सुईण : आणि माहीत असून मला खोटी शपथ घ्यायला लावतेस?

बाई : हो, लावतेय! एकदा बोललात ना माझ्यासाठी, मग आणखी एकदा बोला. त्या एका खोट्यावर मी उभी आहे, मावशी.

फादर : (दारात येऊन) काय करपलं? वास येतोय. आणि आजी, ती अठरावी नोंद? अंगठा देताय ना?

बाई : देतायत, फादर.

सुईण : नाही देत. मी खोटं बोलले होते. बाळ मेलेलंच आलं होतं.

बाई : मावशी!

सुईण : ओरडू नकोस. सुटले मी.

बाई : तुम्ही सुटलात हो! फादर, तुमच्या पाया पडते, तिला... त्याला उकरू नका.

फादर : उकरतंय कोण? बाहेर पुरायची ती रीत थोरल्या फादरांबरोबरच गेली. बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र मला लिहिता येणार नाही.

बाई : म्हणजे कुठंच नाही.

फादर : दफनाची वहीसुद्धा वाळवीनं खाल्लीय. तीही नवी करतोय, तिच्यात लिहितो. भिंतीच्या आत पुरलंय, एवढं तर खरं आहे? त्याला माझी सही पुरे.

बाई : लिहा मग. आत्ता लिहा, माझ्यासमोर.

फादर : आईवडिलांची नावं आहेत माझ्याकडे. मुलगा की मुलगी?

सुईण : सांग ना गं.

बाई : ...मला कोणी दाखवलंच नाही, फादर. गुंडाळून नेलं, पेटीला खिळे ठोकले. नवरा पुरून आला, तो मरेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. कधी मनात मुलगा धरते, कधी मुलगी.

सुईण : अगं, मग मला विचारायचंस! रोज तर भेटतेस.

बाई : विचारलं असतं, तर तुम्हाला बाकीचंही सांगावं लागलं असतं.

फादर : आजी?

सुईण : मुलगी होती. डोकंभर काळे केस होते.