तीन नंबरला मीच, पण तीनपर्यंत मी नाही

...आणि वर मलाच विचारतात, "ओर्विल, मोजता येतं ना रे?" मला मोजायला शिकवू नका! एकतीस वर्षं कर्लिंग खेळतोय. तुम्हाला सांगतो, वीस किलोचा दगड बर्फावरून सोडतो, तो चाळीस मीटरवर म्हणाल तिथे थांबतो. एकदा तर थांबला, विचार केला आणि मागे आला! हसू नका, साक्षीदार आहेत... दोघं वारले, ते सोडा.

तर कॅनडात, मॅनिटोबातल्या आमच्या गावात, वाचनालयात प्रोग्रामिंगचा वर्ग निघाला. म्हटलं, स्पर्धेसाठी संघाचा कागद यंदा आपणच कॉम्प्युटरवर काढायचा. संघ चौघांचा. यादी केली: लॉर्न, माझी बायको ग्लॅडिस, मेव्हणा डार्सी आणि शेवटी कप्तान, म्हणजे अस्मादिक! शिकवणाऱ्या तिबोबाई म्हणाल्या होत्या, मोजणी शून्यापासून. लॉर्न शून्य आहे हे गावाला माहीत आहे, त्यासाठी कॉम्प्युटर कशाला? पण ऐकलं. म्हणजे मी तीन. खात्रीसाठी विचारलं, बाबा रे, तीन नंबरला कोण? पडद्यावर ठसठशीत: ओर्विल! मग म्हटलं, शून्यापासून तीनपर्यंत अख्खा तुकडा छाप. छापला, घडी घातली, न बघता नोंदणीच्या पेटीत टाकला. बघायचं काय त्यात? मला मोजायला शिकवू नका!

शनिवारी सकाळी बूट चढवून, बर्फ घासायचा झाडू घेऊन उभा, तर नोंदणीवाली बर्निस म्हणते, "कागदावर तिघंच आहेत. पेटी उघडल्यावर नाव घालता येत नाही."

"अगं, हा नियम मीच केलाय!"

"म्हणून तर पाळतेय, ओर्विल."

लावला तिबोबाईंना फोन. त्या गोड आवाजात, "अहो, तुकडा मागितला की शेवटचा आकडा धरत नाहीत. तीनच्या अलीकडे थांबायचं."

"पण तीन नंबरला हाक मारली तेव्हा मीच ओ दिली ना!"

"एकट्याला हाक मारली तर तुम्ही. तुकड्यात तुम्ही नाही. चारपर्यंत लिहायचं."

"चार नंबरला कोण आहे?"

"कोणीच नाही."

"मग त्याच्यापर्यंत जायचं कशाला?"

"तुमच्यासाठी!"

ठेवला फोन! मला मोजायला शिकवू नका!

तिघांनी खेळायला हरकत नसते. मला प्रेक्षकांत, काचेमागे बसवलं आणि... जिंकले हो! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! डार्सी म्हणतो, "भावजी, यंदा कोणी मधे ओरडत नव्हतं." ग्लॅडिस म्हणते, "तो प्रोग्राम आहे तसाच राहू दे." राहू दे? चार लिहिणार! ठळक लिहिणार!

आमच्याकडे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं असतं, एका टेबलावर बसून. मीही खुर्ची ओढली. बर्निसनं बोटांवर मोजलं, "जिंकलेले तिघं, हरलेले चौघं... तू कुठल्या यादीतला?"

गुपचूप आपली कॉफी घेऊन शेजारच्या टेबलावर बसलो. एकट्याला हाक मारली तर मी असतो म्हणे... म्हणून बसलोय. अजून कोणी मारलेली नाही.