देवदारावरचा सोनतुरा

निभा : म्हणजे काल मी ज्याचे चाळीस फोटो काढले, ते देवदाराचं बोंड होतं, खीमदा!

खीमदा : उजेड कमी होता, दीदी.

निभा : "अगदी शांत बसलाय, घाई करू नका," असं म्हणालात तुम्ही.

खीमदा : शांत बसलं होतं की नाही?

निभा : चौतीस वर्षं भूगोल शिकवला मी. पोरी नकाशात श्रीलंका काढायला विसरायच्या, पण बोंडाला पक्षी कुणी म्हटलं नव्हतं.

खीमदा : बोला, बोला. सात वर्षं कोलकात्याहून इथे डोंगरात माझ्याबरोबर पक्षी बघायला येताय, एवढा हक्क आहे तुमचा. फक्त हळू बोला. आलाय तो.

निभा : कोण?

खीमदा : सोनतुरा. ज्याच्यासाठी येता तो. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर सोन्याची रेघ. सी-सी-सी. ऐकू आला?

निभा : हो तर! किती गोड!

खीमदा : आणि आता?

निभा : आता जरा जवळून आला.

खीमदा : दीदी...

निभा : काय?

खीमदा : आता कुणीच ओरडलं नाही. मी उगाच विचारलं.

(निभा कॅमेरा मांडीवर ठेवते.)

निभा : असं फसवून परीक्षा घेणं शोभतं का या वयात?

खीमदा : परवाच शंका आली. तुमचा फोन तुमच्याच पिशवीत किणकिणत होता, आणि तुम्ही मला म्हणालात, "जंगल किती शांत आहे!"

निभा : बारीक आवाज तेवढे येत नाहीत हो. बाकी सगळं येतं. सुनेचं तर भिंतीपलीकडचं येतं! डॉक्टर म्हणतात, वय झालं की आधी वरचे सूर जातात. लेकाला सांगितलं नाही. त्याला कळलं तर एकटीला घराबाहेर पडू देणार नाही. गुडघा दुखतो म्हणून आधीच कुरकुर चाललीय त्याची. यंदाचं शेवटचं, असं कबूल करून आलेय.

खीमदा : शेवटचं?

निभा : ते राहू दे. आता तुमची पाळी.

खीमदा : माझी कसली पाळी?

निभा : बोंड, खीमदा. बोंड!

खीमदा : ...मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. उजवा तर पार पिकलाय.

निभा : कधीपासून?

खीमदा : दोन हिवाळे झाले.

निभा : अरे देवा! म्हणजे गेल्या वर्षीचा तो पिंगळा? मी चौकट करून भिंतीवर लावलाय!

खीमदा : तो पिंगळाच होता! शीळ घालत होता ना. आवाज करील तो पक्षी माझ्याकडून चुकत नाही, दीदी. बोंड काही बोललंच नाही, तिथे फसलो.

निभा : मग ऑपरेशन का नाही करून घेत?

खीमदा : खाली हल्द्वानीच्या इस्पितळात जा, पट्टी बांधा, महिनाभर घरात बसा, चुलीच्या धुराला जाऊ नका. तोवर लॉजवाला माझे सगळे पाहुणे त्या नव्या गाइडकडे, चंदनकडे देईल. चंदनला साडेतीनशे पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ आहेत. ओळख एकाशीही नाही... श्श! ओरडला. हा खरा.

निभा : शपथ?

खीमदा : गोलूदेवाची शपथ. समोर बघा. झाडाच्या निम्म्या उंचीवर, बुंध्यापासून हातभर बाहेर.

निभा : फांदीच दिसतेय नुसती.

खीमदा : सरकला. डावीकडे. आता खाली. नाही, पुन्हा वर.

निभा : एक काय ते सांगा!

खीमदा : एका जागी बसणारा असता तर सात वर्षं लागली असती का?

निभा : काहीतरी हललं... खीमदा! आहे! उलटा लटकलाय! अग्गोबाई, एवढासा!

खीमदा : मग फोटो काढा, माझ्याकडे काय बघताय?

निभा : कॅमेरा स्थिर राहत नाहीये.

खीमदा : माझ्या खांद्यावर टेकवा कॅमेरा. टेकवा हो, लाजताय काय!

निभा : श्वास घेऊ नका.

खीमदा : ...

निभा : हं. सोडा श्वास. बघू दे... फांदी. फांदी. शेपूट. आकाश. हे काय? तुमचा कान!

खीमदा : बरा आलाय?

निभा : अगदी स्वच्छ. केससुद्धा मोजता येतील. फांदी... फांदी... आला! खीमदा, आला! आख्खा आला!

खीमदा : मला दाखवा.

निभा : थांबा, मोठा करते. दिसतंय?

खीमदा : अजून मोठा. नाकाशी धरा. ...हां.

निभा : काय दिसतं?

खीमदा : पिवळी रेघ. काळा टपोरा डोळा. दोन वर्षं नुसता ऐकत होतो याला. डोळे धड होते तेव्हाही इतक्या जवळून पाहिला नव्हता.

निभा : ऐका. पुढच्या चैतात मी येणार. लेकाशी काय भांडायचं ते भांडेन. पण तुम्ही पावसाळ्यात डोळे करून घ्यायचे. तेव्हा इथे जळवांशिवाय कोण येतं? चंदनला काय मिळणार?

खीमदा : आणि तुम्ही कानात ते यंत्र घालायचं.

निभा : बघू.

खीमदा : बघू नाही दीदी, ऐकू.

निभा : बरं, ऐकू! अजून आहे का तो?

खीमदा : आहे की. मघाशी नुसता ओरडत होता, आता गातोय.

निभा : हो, चोच हलताना दिसतेय मला.

खीमदा : निघू या का? उन्हं चढली. घरी तुमच्यासाठी नाचणीच्या भाकऱ्या टाकल्यात.

निभा : थांबा हो. कुणी गात असताना असं मध्येच उठू नये. संपलं की सांगा मला.