दाखल्यातला फोटो

हॅलो?… व्हय, तुझी अंबूअक्काच बोलतेय. पोचलीस काय आजऱ्याला?… बरं. एस्टीत जागा मिळाली न्हवं?… बरं.

न्हाय गं बाळे, रडत न्हाय. रडू येतच न्हाय. सकाळधरनं नुसती बसलेय. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणलती… खाल्ली की. चव कळली न्हाय. खाल्ली.

अगं ऐक ना, काल गडबडीत तुला सांगायचं राहिलं. ह्यांच्या पेन्शनीचा मेसेज आलाय… न्हाय, पैशाचा न्हवं. हयातीच्या दाखल्याचा. दर नोव्हेंबरात काढायला लागतोय. माणूस जित्ता हाय म्हणून… व्हय, आपलं आपणच दाखवायचं. काल सकाळी सूनबाईनं, अनुजानं, माझ्याच मोबाइलवर काढला. आधी नुसता फोटो काढून बघिटला, उजेड बरा येतोय काय म्हणून. मग फोनच म्हणतोय, डोळे मिटा, उघडा. ह्यांनी तीनदा मिटलं, तीनदा उघडलं. त्यासाठनं दाढी केलती. टोपी घातलती.

दुपारी जेवून आडवं झालं, ते उठलंच न्हाईत.

आनि संध्याकाळी माणसं ह्यांना पंचगंगेवर घेऊन गेली, तवा फोन वाजला. दाखला मंजूर. पुढच्या नोव्हेंबरपतोर.

…काय?… काय म्हणतीस?

हळू बोल. कळलं मला… बँकेत सांगायचं न्हाय. वर्षभर येत राहील… व्हय, एटीएम माझ्याकडंच असतंय.

एक हजार आठशे सत्तर… महिन्याला गं. तेहतीस वर्षं सूतगिरणीत उभं राहून. आता मला अर्धी. हजाराच्या खाली देत न्हाईत, म्हणून हजार… व्हय, आठशे सत्तर कमी. गॅस आनि माझी बीपीची गोळी त्यातनंच भागत हुती. ठावं हाय मला.

पेन्शन वाढणारच हुती की. अकरा वर्षं वाढतीया. मोर्चे झालं, निवेदनं झाली. हे दोनदा दिल्लीला जाऊन थंडीत बसून आलं. म्हणायचं, म्हातारी माणसं वाढल्यात, सरकारला झेपंना, म्हणून आमच्या मरणाची वाट बघत्यात. काल दाढी करताना बी तेच, वाढल्याबिगार मी मरत न्हाय. मला राग यायचा त्या बोलण्याचा. आता तो बी येत न्हाय.

…हो, हो… अगं, पण लपवायचं कसं? उद्या रक्षाविसर्जन. पेपरात द्यायलाच पाहिजे, न्हाईतर माणसं येणार कशी?… बिनफोटोचं कोण वाचतंय? बँकेतली ती कॅशियर बाई चहाबरोबर पहिलं निधनाचंच पान उघडती. तिनंच सांगिटलंय मला.

थांब जरा… काय गं अनुजा?… सहाच्या आत पाठवायचा?… न्हाय, लग्नातला नको. त्यात तोंड दिसत न्हाय.

…व्हय बाळे, हाय. पेपरवाल्यास्नी फोटो पाहिजे. कालचाच देते… व्हय, दाखल्याच्या आधी काढलेला. टोपी नीट हाय त्यात. डोळं बी उघडं हायत.

…न्हाय, बँकेच्या भीतीनं न्हवं. परवा मी स्वतःच जाणार हाय तिथं, मृत्यूचा दाखला घेऊन… जाऊ दे की आठशे सत्तर. ते वाढवून मागत हुते, चोरून न्हाय…

अगं, ऐकून तर घे. वर्षभर ह्यांना जित्तं ठेवायचं म्हणतीस. मग मी रडू कवा?

…हॅलो?… हाईस न्हवं?… बरं, रडू नको तू. ठेव आता. फोटो ह्याच फोनात हाय, पाठवायचाय.