काठी माही होती

मी भंडाऱ्याकडचा. आमचं गाव तलावाच्या पाळीलेच लागून, आणि आम्ही ढिवर, मासोळी धरणारे लोक, माहा बाप, त्याचा बाप, सगळे त्या तलावावरच जगले. बाप कमी बोलायचा. पण एक गोष्ट त्यानं मले शिकवली, का नाल्याचं पाणी तलावात जिथून शिरते नं, तिथं बारकी मासोळी जमते, अन् बारकीच्या मागं मोठी येते, म्हणून जाळं तिथंच टाकावं. बाकी गरीले मासोळी टोचणं सोडलं तर मी काही शिकलो नाही त्याच्याकडून. हे मात्र पक्कं शिकलो, आणि काय सांगू ताई तुम्हाले, यानंच घात केला.

मी डिप्लोमा केला. वत्सलाचा, म्हणजे माह्या बायकोचा, भाऊ इकडं अमेरिकेत, दुसऱ्या राज्यात होता, त्यानं बोलावलं, ऐंशी सालाच्या पुढं-मागं आम्ही मिनेसोटात आलो. बर्फ उडवायच्या मशिनी बनवायची फॅक्टरी होती, तिथं मी पार्ट चेक करायचो. गावात इंडियन घर आमचं एकट्याचंच. मराठी बोलायचं तर वत्सलाशी, नाहीतर आरशाशी.

बाजूच्या टेबलावर अर्ल होता. पंचावन्न-छप्पन्नचा असंन, हत्तीसारखा माणूस, चालला का फरशी वाजायची. एक दिवस माह्या डब्यातलं कालवण पाहून म्हणे, तुम्ही लोक मासे खाता? मी म्हटलं, खातो काय, आम्ही मासे धरणारेच आहोत. ताई, ही गोष्ट मी नागपुरात कॉलेजात कोणाले सांगितली नव्हती, लपवलीच होती खरं तर. इथं अशी तोंडातून निघून गेली, आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळला जसा कोणी सोयरा भेटला. म्हणे, मग शनिवारी तयार राहा.

शनिवारी त्यानं गाडी सरळ तलावावर घातली. गोठलेल्या तलावावर! मी दार उघडं धरून बसलो, बुडाली तर उडी मारायले. तो हसून हसून लाल झाला. मग बर्फाले दोन भोकं पाडली. एका भोकात हातातली काठी, ते सारखी हलवत राहायची. दुसरी काठी स्टँडवर ठेवून द्यायची, तिले हात लावायचा नाही, तिले ते डेड स्टिक म्हणतात. तिच्या गरीले जिवंत बारकी मासोळी, मिनो, पाठीच्या पराखाली अशी हलक्या हातानं टोचायची का मणक्याले लागू नये, आणि तळापासून हातभर वर सोडून द्यायची. हलत्या काठीचा गोंधळ ऐकून मोठी मासोळी येते, पाहते, पण खाते ते बाजूची, आपल्याच तालात पोहणारी. माही पहिली मिनो टोचून झाली, आणि अर्ल म्हणे, तुले कोणी शिकवलं? मी म्हटलं, बापानं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बापाचं नाव असं छाती काढून घेतलं.

तीन हिवाळे असे गेले. अर्लची बायको मार्ज, तिनं वत्सलाले गाडी शिकवली, आमच्या पोरीले स्वेटर विणले. नावं नीट घेता यायची नाहीत तिले, पण घ्यायचीच. आमचं दुसरं होतं कोण तिथं?

चौथ्या हिवाळ्यात बर्फ नुकताच धरला होता, गाडी नेण्याइतका नव्हता, ते काठावर ठेवून पायीच गेलो. त्या तलावाले एका बाजूनं ओढा येऊन मिळते. अर्लनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, त्या अंगाले जायचं नाही, वाहतं पाणी बर्फाले खालून खाते. पण त्या दिवशी दोन-तीन तास काहीच लागलं नाही, आणि माह्या डोक्यात बाप बोलायले लागला. पाणी शिरते तिथं मासोळी जमते. अर्ल पाठमोरा बसला होता. मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, बर्फ ठोकत ठोकत पन्नास-साठ पावलं ओढ्याकडं गेलो, भोक पाडलं, डेड स्टिक लावली, परत आलो. काही झालं नाही. पण मी पन्नास किलोचा माणूस, ताई.

मग चहाचा थर्मास आणायले काठावर गाडीकडं गेलो. वळून पाहतो तर माही काठी कमानीसारखी वाकली होती, अन् अर्ल उठून तिच्याकडं पळून राहिला होता, ओरडत, श्रॅव, तुझा मासा, तुझा मासा! मी श्रावण, तो श्रॅव म्हणायचा. मी ओरडलो. काय ओरडलो? थांब, नको जाऊ, अर्ल, नको जाऊ. मराठीत. इंग्लिश आलीच नाही तोंडात, चार वर्षं बोलून राहिलो होतो रोज, नाही आली. त्याले वाटलं मी आनंदानं ओरडून राहिलो. त्यानं हसून हात वर केला. तसाच गेला खाली.

मी पळत येऊन सब्बल उचलली, पोटावर सरकत गेलो, ते पुढं केली. त्यानं एकदा धरली. बर्फ माह्याखाली कडकडला, तर तो म्हणे, मागं जा, श्रॅव, तुले लेकरू आहे. आणि त्यानं हात सोडला. सुटला नाही, सोडला. लोक दोर घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं.

शेरीफचा माणूस, म्हणजे तिथला पोलीस, मले ब्लँकेटात बसवून विचारे, त्या बाजूची काठी कोणाची? मी म्हटलं, त्याची. का म्हटलं? भीती होती, परका माणूस, कागदपत्रं, पोरगी, सगळं एका क्षणात डोळ्यापुढून गेलं. त्याची, म्हटलं.

अंत्यविधीले मार्ज रडली नाही. संतापली होती, मेलेल्या नवऱ्यावर. वत्सलाले म्हणे, तीस वर्षं साऱ्या गावाले सांगायचा तिकडं जाऊ नका, आणि स्वतः गेला एका मासोळीच्या लोभानं, मूर्ख माणूस. वत्सलाले मी खरं सांगितलेलं होतं. वत्सला घरी येऊन म्हणे, अहो, ते बाई आपल्या नवऱ्याले शिव्या देऊन राहिली, हे तुम्ही ऐकून घेणार?

मले महिना लागला. गेलो, मार्जच्या किचनमध्ये उभ्यानंच सांगितलं, काठी माही होती. मी लावली होती. तो माह्या मासोळीसाठी पळाला. मी खोटं बोललो. तिनं ओटा धरला. मग म्हणे, म्हणजे तो लोभानं नाही गेला. मी म्हटलं, नाही. तेव्हा रडली, तोंडावर टॉवेल धरून. थोड्या वेळानं म्हणे, सांगितलंस हे बरं केलंस. आता जा, आणि पुन्हा येऊ नको.

पुन्हा तिच्याकडं नाही गेलो. शेरीफच्या ऑफिसात जाऊन बयान बदललं, कोणी काही केलं नाही. लोक म्हणाले, अपघात आहे. दुकानात मार्ज दिसली का मी दुसऱ्या रांगेत जायचो. पोरगी म्हणते, बाबा, लेट इट गो. तिचंही बरोबर आहे.

मागल्या वर्षी मार्ज वारली. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. त्यांचा मुलगा दारात सगळ्यांशी हात मिळवत होता, बापासारखाच हत्तीएवढा. माहा हात धरला, थोडा जास्त वेळच धरला. ओळखलं का नाही, काय माहीत, मी विचारलं नाही. थँक यू फॉर कमिंग, म्हणे.

सुखी राहो तो, त्याची लेकरं सुखी राहोत. याहून जास्त मी काय मागू, ताई, अन् कोणाले मागू.