मामाने उचलायचा ग्लास

निर्मळला जाणाऱ्या बसच्या रांगेत सावित्रीबाईंच्या पुढे एक बहीणभाऊ उभे होते. त्यांचं बोलणं कानावर पडत होतं.

“इनास, पोरीच्या लग्नाला येतोस ना?”

“चर्चमध्ये येतो, बाय. मांडवात नको.”

“मग टोस्ट कोण करणार? पोरगी म्हणते, आमच्या नावाने ग्लास मामानेच उचलायचा.”

“त्या ग्लासानेच मला या स्टँडवर आणून झोपवलं होतं.”

सावित्रीबाईंनी कोपऱ्यातल्या बाकाकडे पाहिलं. पूर्वी तिथे कुणी दारू पिऊन पडलेला असायचा, तेव्हा त्या पदर नाकाला लावून लांबून जायच्या.

“आता झोपतोस का इथे?”

“फादरनी चर्चच्या हॉलमागची खोली दिलीय. तिथे दारू सोडलेल्यांची मीटिंग असते, ती चुकवत नाही. सकाळी उठून देवाला म्हणतो, आजच्यापुरतं सांभाळ.”

“मग भितोस कशाला?”

“देवाचा भरवसा आहे गं. माझाच नाही.”

“बरं, ऐक. मांडवात दारू नाही. सगळ्यांना कोकम सरबत.”

“लग्नात? पाहुणे शिव्या घालतील!”

“थोरल्या काकांनी घातल्यासुद्धा. पोरगी म्हणाली, प्यायचंय त्यांनी आपापल्या घरी जाऊन प्यावं. माझा मामा घरी यायचाय.”

रांग थोडी पुढे सरकली. इनास जागचा हलला नाही. सावित्रीबाईही त्याच्यामागे थांबून राहिल्या.

“बाय, हात अजून कापतो माझा. सरबत सांडेल.”

“सांडू दे. तुझ्या शेजारी मी उभी असेन, आणि मी लाल लुगडंच नेसणार आहे.”