पुतळी जेवली का?

…आणि वर मलाच सांगते, "बाबा, तिला पाल म्हणू नका, ती गेको आहे." आता तुम्हीच सांगा, चार पाय, एक शेपूट, भिंतीकडे तोंड करून बसते, तिला पाल नाय म्हणायचं तर काय विहीणबाई म्हणायचं? पेणमध्ये तीस वर्षं गणपतीचा कारखाना चालवतोय मी. हैबतराव म्हटलं की कुणीही घर दाखवेल. मूर्तीला तडा कशाने जातो ते झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण पाल काय खाते, हे मी कधी शिकायचं आणि कुणाकडून?

झालं असं, की आमची आवडी, एकुलती एक लेक, नोकरीला बंगळुरूला गेली. तिथल्या खोलीमालकाची अट, प्राणी चालणार नाय. मग काय, काचेची पेटी आमच्या दारात! आत ही वीतभर, पिवळी, अंगभर काळे ठिपके, नाव पुतळी. "थोडे दिवस सांभाळा" म्हणाली आणि गेली. त्या थोड्या दिवसांचे झाले नऊ महिने. रोज संध्याकाळी फोन, तुम्हाला सांगतो, मी दिवसभर त्या फोनकडे बघत असतो… आणि उचलला की काय? बाबा, बरे आहात? आई, गुडघा कसा आहे? छे! "बाबा, पुतळी जेवली का?" अरे, आम्ही जेवलो का ते पण विचार की कधीतरी!

पण लेकीची अमानत. गुरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पेटीत वाकून बघितलं, दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, हैबतराव, म्हशीचं काही असेल तर या. मग राहिलं इंटरनेट. चष्मा लावून बसलो. एका बाजूला बत्तीस अंश ऊब हवी, दुसरी बाजू गार हवी, वाळू घालायची नाय, पोटात जाते. अळ्या द्यायच्या त्या जिवंत, आणि त्यांना कॅल्शियमची पांढरी पूड लावून! आमची गिरजा म्हणाली, माझ्या बाळंतपणात एवढी चौकशी केली होती का हो? आणि दामू, आमचा रंगारी, तो म्हणतो, "भाऊ, पांढरी पूड हवी ना? प्लास्टर हाय की दोन पोती." म्हटलं दाम्या, तिला जेवायला घालायचंय, विसर्जन नाय करायचं.

बरं, जिवंत अळ्या मिळतात कुठे? रोह्याला, पोपट नावाच्या एकाच्या शोभेच्या माशांच्या दुकानात! म्हणजे दर गुरुवारी पेण-रोहा गाडी, येताना मांडीवर डबा. एकदा कासू स्टेशनला एक म्हातारी शेजारी येऊन बसली, डब्याला कान लावून विचारते, "काय नेतोस रं?" माझ्या तोंडून निघून गेलं, लेकीसाठी खाऊ. आणि मग पेण येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसलो. संध्याकाळी फोन, "पुतळी जेवली का?" म्हटलं, जेवली बाई, पोटभर जेवली.

मूर्ती वाळवायला कारखान्यात मोठे दिवे असतात, तेव्हा ऊब आयती म्हणून पेटी तिथेच ठेवलेली. एक दिवस सकाळी बघतो तर पुतळी पांढरीफटक! डोक्यापासून शेपटीपर्यंत! मूर्तीला रंगाआधी पांढरा हात मारतात ना, अगदी तसा. दाम्याचा फवारा उडाला, दुसरं काय! त्याला असा झाडला, असा झाडला, तो बिचारा मूर्तीच्या पायाला हात लावून शपथा घेतोय आणि मी रॉकेलचा बोळा घेऊन निघालो पुसायला. नशीब, आधी आवडीला व्हिडिओ लावला. "बाबा, बोळा खाली ठेवा! ती कात टाकतेय!"

मग काय सांगू… लेकीने फोन ठेवलाच नाय. तासभर! इकडे पुतळी कात ओढतेय, तिकडे आवडी बघतेय, आणि मी आवडीला बघतोय. वाळली होती हो. मागे दोरीवर कपडे, टेबलावर बिस्किटांचा अर्धा पुडा. मीच विचारलं, तू जेवलीस का? म्हणाली, जेवेन. तेवढ्यात पुतळीने आपली कात खाऊन टाकली, झाला कार्यक्रम, फोन बंद. त्या दिवसापासून रोज सकाळी मी पेटीशी जाऊन बघायचो, पुन्हा पांढरी पडते का!

आणि मागच्या पंधरवड्यात फोन आला, नवीन खोली मिळाली, तिथे प्राणी चालतात. शनिवारी आली, रविवारी पेटी घेऊन निघाली. गाडीत बसताना डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आपल्यासाठी! तर म्हणते, "बाबा, नवीन जागी ही जेवेल ना?"

आता एवढं वाचलेलं, सांगायला नको? म्हटलं, "सुरुवातीला तोंड लावणार नाय. आठ-दहा दिवस कोपऱ्यात बसेल. सारखं जवळ जाऊ नकोस. होते सवय हळूहळू." गिरजा पदर तोंडाला लावून आत गेली. आता मी पालीचं सांगत होतो, तिला रडायला काय झालं?

त्याला झाले बारा दिवस. पुतळी तिथे तिसऱ्याच दिवशी जेवली, असा मेसेज आला. मेसेज, बरं का, फोन नाय. आता चौकशी कुणाची करायची तिने इकडे? काल पुन्हा चष्मा लावून बसलो. पालीला नवीन घराची सवय व्हायला किती दिवस लागतात, ते शंभर ठिकाणी लिहिलंय. जुन्या घरात राहिलेल्यांना किती लागतात… तुम्हाला सांगतो, सगळं इंटरनेट पालथं घातलं, कुणी लिहिलेलंच नाय!